श्वास आणि क्रियापद : एका अमेरिकी प्रवेशपरीक्षेतील विरामचिन्हे

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची आठ दिवस आमच्याकडे राहायला आली होती. बारावीला गेलेली ही मुलगी अमेरिकेत शिकायला जायचे म्हणून सॅट परीक्षेची तयारी करत होती. दुपारी आम्ही एकाच टेबलाशी बसायचो. तिच्यापुढे लॅपटॉप, माझ्यापुढे एका कथासंग्रहाची मुद्रिते. पंचवीस वर्षे मी मुद्रितशोधन करतो आहे. पदवी नाही, जे काही व्याकरण येते ते जुन्या बाजारातल्या पुस्तकांतून आणि संपादकांच्या बोलण्यांतून शिकलेले. एका दुपारी ती म्हणाली, "मामा, तू जन्मभर कॉमेच तपासतोस ना? मग एवढे पंधरा प्रश्न सोडव बरं."

मी सोडवले. प्रत्येक वाक्य पुटपुटून पाहिले, जीभ जिथे थांबली तिथे कॉमा दिला. पंधरापैकी सात चुकले. भाचीने उत्तरे तपासली आणि मला न दुखवता म्हणाली, "मामा, इथे श्वास मोजायचा नाही. क्रियापदं मोजायची."

तिच्या या दोन वाक्यांनी मला जवळजवळ वर्षभर कामाला लावले. परीक्षेचे उपलब्ध नमुने, तिची अधिकृत रूपरेषा, इंग्रजी विरामचिन्हांचा इतिहास आणि आपल्या मराठीतील विरामचिन्हांची कथा असे जमेल तसे वाचत गेलो. या वाचनाचा निष्कर्ष प्रथमच सांगतो. ही परीक्षा विरामचिन्हांचा अर्धाच भाग शिकवते, पण तो अर्धा भाग ती फार नेटका शिकवते. उरलेल्या अर्ध्याविषयी तिचे मौन हा तिच्या रचनेचा अपरिहार्य परिणाम आहे. आणि आपल्याकडे नेमका हाच नेटका अर्धा भाग कोणी शिकवलेला नाही.

परीक्षेचे स्वरूप

सॅट ही परीक्षा अमेरिकेत कॉलेज बोर्डाने १९२६ साली सुरू केली. तिची प्रतिस्पर्धी एसीटी १९५९ची, आयोवातली. पदवीच्या प्रवेशासाठी अमेरिकी विद्यापीठे या दोहोंपैकी कोणत्याही परीक्षेचे गुण पाहतात. करोनाकाळात अनेक विद्यापीठांनी ही अट शिथिल केली. त्यांपैकी एमआयटीने ती २०२२मध्ये पुन्हा लागू केली, आणि हार्वर्ड, येल, ब्राऊन, डार्टमथ यांनी पुन्हा लागू करण्याचे २०२४मध्ये जाहीर केले. म्हणजे हे प्रकरण संपलेले नाही.

सॅट आता संगणकावर होते. भारतासह अमेरिकेबाहेरच्या केंद्रांवर मार्च २०२३पासून आणि खुद्द अमेरिकेत मार्च २०२४पासून. वाचन-लेखनाच्या विभागात सत्तावीस-सत्तावीस प्रश्नांचे दोन भाग असतात, प्रत्येकाला बत्तीस मिनिटे. पहिला भाग कसा सोडवला त्यावरून दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते. चौपन्न प्रश्न, चौसष्ट मिनिटे. एका प्रश्नाला सुमारे एकाहत्तर सेकंद. प्रत्येक प्रश्नाला पंचवीस ते दीडशे शब्दांचा स्वतंत्र उतारा. यातले सुमारे एक चतुर्थांश प्रश्न 'प्रमाण इंग्रजीचे संकेत' या घटकावर असतात आणि त्या घटकाचे दोन पोटविभाग आहेत. एक रूप, रचना व अर्थ यांचा. दुसऱ्याचे नाव आहे 'सीमा'. विरामचिन्हांचा मुख्य वास या दुसऱ्या घरात.

एसीटीत घाई आणखी मोठी. तिच्या इंग्रजीच्या पत्रिकेत वर्षानुवर्षे पंचेचाळीस मिनिटांत पंचाहत्तर प्रश्न असत, म्हणजे एकाला छत्तीस सेकंद. २०२५मध्ये आलेल्या नव्या आराखड्यात पस्तीस मिनिटांत पन्नास प्रश्न आहेत. तिथे उताऱ्याचा काही भाग अधोरेखित करून 'यात बदल नको' हाही पर्याय दिलेला असतो. हा पर्याय मला फार आवडला. मुद्रितशोधकाच्या आयुष्यातला सर्वांत अवघड निर्णय तोच असतो.

'सीमा' हे नाव नीट पाहावे. विरामचिन्ह म्हणजे थांबा ही आपली शाळेतली समजूत. इथे विरामचिन्ह म्हणजे शेताचा बांध. एक विधान कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते, हे दाखवणारी खूण. बांधावर कोणी थांबो न थांबो, बांध असतोच.

मोजके नियम

परीक्षा ज्यावर उभी आहे ते नियम हाताच्या बोटांवर मोजता येतात.

पहिला नियम दोन पूर्ण विधानांचा. 'सूर्य मावळला, आम्ही घरी आलो' हे वाक्य मराठीत निर्दोष आहे. त्याचे शब्दशः इंग्रजी केले तर तो कॉमा चूक ठरतो. दोन्ही बाजूंना स्वतःचा कर्ता आणि स्वतःचे क्रियापद असेल तर मध्ये पूर्णविराम हवा, अर्धविराम हवा किंवा कॉमासोबत 'अँड', 'बट' यांसारखे उभयान्वयी अव्यय हवे. एकटा कॉमा एवढे ओझे पेलत नाही. माझ्या सातांपैकी तीन चुका इथल्या.

दुसरा नियम कर्ता आणि क्रियापद यांच्या नात्याचा. कर्ता कितीही लांब असो, त्याच्या आणि क्रियापदाच्या मध्ये एकटा कॉमा येत नाही. क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्येही नाही. परीक्षक मुद्दाम दहा-बारा शब्दांचा कर्ता रचतात. वाचणाऱ्याचा श्वास संपतो, कॉमा द्यावासा वाटतो आणि सापळा मिटतो. माझ्या दोन चुका इथल्या.

तिसरा नियम जादा माहितीचा. वाक्यातून काढली तरी कोणाविषयी बोलतो आहोत हे बदलत नाही, अशी माहिती दोन्ही बाजूंनी बंद करायची असते. दोन कॉमे, दोन डॅश किंवा दोन कंस. एका बाजूला कॉमा आणि दुसऱ्या बाजूला डॅश चालत नाही. उलट, ज्या माहितीशिवाय ओळख पटत नाही तिला कुंपण घालायचे नाही. म्हणून 'कादंबरीकार टोनी मॉरिसन' असे इंग्रजीत लिहिताना मध्ये कॉमा नाही. पण नाव आधी आणि 'एक अमेरिकी कादंबरीकार' हे वर्णन नंतर आले, तर वर्णनाच्या दोन्ही बाजूंना कॉमा.

चौथा नियम कोलनचा. त्याच्या आधी स्वतःच्या पायावर उभे असलेले पूर्ण विधान हवे. नंतर यादी, स्पष्टीकरण काहीही चालते. पाचवा अपॉस्ट्रॉफीचा. 'त्याचे' या अर्थाचे 'इट्स' आणि 'ते आहे' या अर्थाचे 'इट्स' कानाला एकच. फरक फक्त डोळ्याला दिसतो. सहावा अप्रत्यक्ष प्रश्नाचा. 'तो कधी येईल, असे तिने विचारले' या धर्तीच्या वाक्याला प्रश्नचिन्ह नाही.

आणि एक सातवा, मला सर्वांत उत्तम वाटलेला. 'हाऊएव्हर' हा शब्द इंग्रजीत दोन विधानांच्या सीमेवर आला तर तो आधीच्या विधानाचा की नंतरच्या, हे केवळ चिन्हांवरून ठरते. अर्धविराम त्याच्या आधी असेल तर तो पुढच्या विधानाला विरोधाची धार देतो. नंतर असेल तर मागच्या विधानाचा त्याच्याही आधीच्या मजकुराशी असलेला विरोध दाखवतो. कोणता बरोबर, हे व्याकरण सांगू शकत नाही. त्यासाठी उताऱ्याचा युक्तिवाद समजावा लागतो. या प्रश्नात परीक्षा खरोखर वाचन तपासते. क्रियापदे मोजून इथे भागत नाही, हे मी भाचीला दाखवून दिले तेव्हा माझी थोडी पत परत आली.

मराठी कान का चुकतो

माझ्या चुका अज्ञानाच्या होत्या हे खरे. पण त्या अज्ञानालाही घडण आहे. मराठीत क्रियापद सहसा शेवटी येते आणि ते लिंग, वचन, पुरुष अंगावर घेऊन येते. 'तो आला, बसला, पाणी प्यायला, निघून गेला.' प्रत्येक क्रियापद आपले विधान स्वतःच बंद करते. सीमा शब्दाच्या रूपातच कोरलेली असते, त्यामुळे चिन्ह केवळ लय दाखवायला मोकळे राहते. इंग्रजीत क्रियापद मध्ये असते. त्याच्यानंतर कर्म, मग शब्दयोगी अव्ययांचे पुंजके, मग आणखी काही. वाक्य कुठे संपले हे शब्द सांगत नाहीत, म्हणून चिन्हाला सांगावे लागते. मराठी माणसाचा कॉमा इंग्रजीत चुकतो, कारण तो आपल्या भाषेत शिकलेले काम करत असतो.

जादा माहितीचेही तसेच. 'पुण्यात राहणारा माझा भाऊ' असे आपण म्हणतो तेव्हा मला भाऊ एक की चार, हे वाक्य सांगत नाही. गावाला ठाऊक असते. इंग्रजीत 'माय ब्रदर'नंतर कॉमा देऊन 'जो पुण्यात राहतो' हे जोडले तर भाऊ एकच. कॉमा न देता जोडले तर आणखी भाऊ असल्याची सूचना. एका टिकलीवर कुटुंबाची संख्या ठरते.

इथे मला एक जुनी गोष्ट आठवली आणि ती आठवल्यापासून हा लेख केवळ परीक्षेविषयीचा राहिला नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कथेच्या मुद्रितात एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडी वाक्य होते : 'माझा मुलगा, जो मुंबईत असतो, तो आला नाही.' मला ते दोन्ही कॉमे अडखळणारे वाटले. मी ते काढले. छापून आले : 'माझा मुलगा जो मुंबईत असतो तो आला नाही.' लेखिकेचे पत्र आले. तिने लिहिले होते की त्या बाईला एकच मुलगा आहे, कथेचे सगळे दुःख त्यातच आहे, आणि तुम्ही तिला दुसरा मुलगा दिलात. त्या वेळी मला ते पत्र अतिशयोक्त वाटले होते. मी संपादकांना सांगितले, लेखकांना आपल्या प्रत्येक टिंबाचा मोह असतो. सतरा वर्षांच्या भाचीने तिसरा नियम समजावून सांगितला तेव्हा मला त्या पत्राचा अर्थ कळला.

श्वासाकडून रचनेकडे

श्वास मोजणे ही तशी माझी एकट्याची खोड नाही. युरोपात विरामचिन्हे जन्मली तीच बोलण्यासाठी. ग्रीक हस्तलिखितांत शब्द न तोडता सलग लिहीत. इसवी सनापूर्वी दोनशेच्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख ॲरिस्टोफेनिस (नाटककार नव्हे, बायझँटियमचा विद्वान) याने ओळीच्या वर, मध्ये आणि खाली टिंबे देण्याची पद्धत घातली. कॉमा, कोलन आणि पिरिअड ही आज चिन्हांची असलेली नावे मूळची भाषणाच्या लहान-मोठ्या खंडांची. अर्धविरामाचा छापील जन्म १४९०च्या दशकातला, व्हेनिसमध्ये आल्डस मॅन्युटियसच्या छापखान्यातला. १७९५ साली लिंडली मरेने लिहिलेल्या अतिशय लोकप्रिय इंग्रजी व्याकरणातही हिशेब थांबण्याचाच आहे : कॉमाच्या दुप्पट अर्धविराम, त्याच्या दुप्पट कोलन, त्याच्या दुप्पट पूर्णविराम. माझी चूक मरेच्या शिष्याची होती एवढेच.

जुन्या इंग्रजी छपाईत त्यामुळे आजच्या परीक्षेत चूक ठरेल असे कितीतरी आढळते. जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) या कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात 'दॅट'च्या आधी कॉमा आहे. अमेरिकी राज्यघटनेच्या १७९१ साली संमत झालेल्या दुसऱ्या दुरुस्तीत, शस्त्रे बाळगण्याच्या हक्काविषयीच्या त्या एका वाक्यात, लांबलचक कर्त्यानंतर आणि क्रियापदाच्या आधी कॉमा बसला आहे. ज्या देशाची घटना कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये कॉमा देते, त्या देशात सतरा वर्षांच्या मुलाने तो दिला तर त्याचा गुण जातो. यात ढोंग नाही. दोन शतकांत चिन्हाचे काम बदलले. लोक मोठ्याने वाचत होते तोवर चिन्ह जिभेचे होते, मनात वाचू लागले तसे ते डोळ्याचे झाले.

आपल्याकडे हा प्रवास एका उडीत झाला. जुन्या पोथ्यांत दंड आणि दुहेरी दंड एवढाच संसार. मोडीत तर वर ओढलेल्या रेघेखाली शब्द न तोडता लिहीत. इंग्रजी पद्धतीची चिन्हे मराठीत रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५०ची. स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम ही आपली नावेच पाहा. प्रत्येकात विराम आहे. सीमा कुठेच नाही. इंग्रजीत चिन्हे जिभेकडून डोळ्याकडे सरकत असताना आपण ती घेतली आणि नावे मात्र जिभेची ठेवली.

एकच बरोबर उत्तर

आता परीक्षेवरचा माझा मुख्य आक्षेप. चार पर्यायांपैकी एकच बरोबर असला पाहिजे, ही अशा परीक्षेची पहिली अट. या अटीतून एक विलक्षण परिणाम निघतो. दोन पूर्ण विधानांमध्ये पूर्णविरामही चालतो आणि अर्धविरामही. दोन्ही पर्याय एकाच प्रश्नात दिले तर दोन उत्तरे बरोबर ठरतील. म्हणून परीक्षक ते दोन्ही, दोन्ही बरोबर ठरतील अशा रीतीने, कधीच देऊ शकत नाहीत. तयारी करणाऱ्या मुलांना हे ठाऊक असते. बाकी शब्द तेच असून एका पर्यायात पूर्णविराम आणि दुसऱ्यात अर्धविराम दिसला, तर दोन्ही खोडायचे, अशी युक्ती त्यांना शिकवली जाते. युक्ती तर्काला धरून आहे. पण तिचा अर्थ असा की या परीक्षेच्या जगात पूर्णविराम आणि अर्धविराम एकच आहेत.

लेखकाच्या जगात ते एक नाहीत. पूर्णविराम दोन विधाने वेगळी ठेवतो. अर्धविराम ती शेजारी बसवतो आणि संबंध वाचकाला शोधायला लावतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'तील (१८७४पासून) लांब वाक्यांतले अर्धविराम काढून तिथे पूर्णविराम घातले, तर व्याकरण शाबूत राहील आणि शास्त्रीबुवा निघून जातील. निवड हा विरामचिन्हांचा दुसरा अर्धा भाग आहे आणि जिथे निवड आहे तिथे ही परीक्षा प्रश्नच विचारू शकत नाही. उताऱ्यात पहिला डॅश ती स्वतः देते, विद्यार्थ्याने त्याची जोडी जुळवायची. तिथे डॅश हवा की कॉमा की कंस, हा खरा लेखकाचा प्रश्न, तो आधीच कोणीतरी सोडवलेला असतो.

या मौनाची किंमत काय असते, ते अमेरिकेतल्याच दोन उदाहरणांवरून दिसते. एमिली डिकिन्सनच्या कविता तिच्या मृत्यूनंतर १८९०मध्ये प्रथम पुस्तकरूपाने निघाल्या तेव्हा संपादकांनी तिचे डॅश बदलून सभ्य, प्रचलित चिन्हे घातली. ते डॅश मूळ हस्तलिखितांवरून परत आणणारी टॉमस जॉन्सन यांची आवृत्ती यायला १९५५ उजाडले. पासष्ट वर्षे वाचकांनी नियमात बसवलेली डिकिन्सन वाचली.

दुसरे उदाहरण कोर्टातले. मेन राज्यात ओव्हरटाइमच्या कायद्यात काही कामांना जादा वेतनातून वगळले होते. डबाबंद करणे, प्रक्रिया करणे अशा यादीच्या शेवटी 'पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी बांधाबांध' असे वाचता येईल अशी शब्दयोजना होती. 'किंवा'च्या आधी कॉमा असता तर वितरण हे वेगळे वगळलेले काम ठरले असते. कॉमा नव्हता. दुधाच्या गाड्या चालवणारे चालक म्हणाले, आम्ही वितरण करतो, बांधाबांध करत नाही. आम्हाला जादा वेतन द्या. २०१७मध्ये अपील न्यायालयाने वाक्य संदिग्ध मानून निकाल चालकांच्या बाजूने दिला आणि २०१८मध्ये पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली. यादीतल्या या शेवटच्या कॉमाविषयी अमेरिकेतल्या शैलीपुस्तिकांतच मतभेद आहेत. शिकागोची पुस्तिका तो द्या म्हणते, वृत्तसंस्था असोसिएटेड प्रेसची बहुधा नको म्हणते. जिथे जाणते लोक भांडतात तिथे एकच बरोबर उत्तर नसते. म्हणून पन्नास लाखांचा हा कॉमा परीक्षेच्या कक्षेबाहेर राहतो.

शिडी की गाळणी

१९७४ या एका वर्षात अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या. सॅटसोबत प्रमाण लिखित इंग्रजीची तीस मिनिटांची बहुपर्यायी चाचणी सुरू झाली. आणि महाविद्यालयात लेखन शिकवणाऱ्या शिक्षकांच्या परिषदेने, विद्यार्थ्यांना आपल्या बोलीचा, आपल्या घरच्या भाषेचा हक्क आहे, असा ठराव केला. एकीकडे सर्वांसाठी एकच गज, दुसरीकडे गजाच्या अधिकारालाच प्रश्न. दोन्ही बाजूंचे लोक शिक्षणाचेच होते.

या दोहोंच्या मधली वाट मला मीना शॉनेसी यांच्या कामात सापडली. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने १९७०मध्ये शहरातल्या शाळा पूर्ण केलेल्या मुलांना दारे उघडली. जी मुले आली त्यांचे लेखन पाहून अनेक प्राध्यापकांनी हात टेकले. शॉनेसींनी अशा सुमारे चार हजार प्रवेशनिबंधांचा अभ्यास करून १९७७मध्ये 'एरर्स अँड एक्सपेक्टेशन्स' हे पुस्तक लिहिले. त्यात प्रास्ताविकानंतर लगेच हस्ताक्षर आणि विरामचिन्हे यांचे प्रकरण आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की चुका या बेशिस्तीच्या खुणा नसतात, त्यांच्यामागे विचार असतो, आणि तो विचार शोधला तर शिकवता येते. 'मुलांची भाषा बदलू नका' असे त्या म्हणाल्या नाहीत आणि 'चूक म्हणजे चूक' असेही म्हणाल्या नाहीत. चुकीमागचे कारण शोधणे हे त्यांनी शिक्षकाचे काम ठरवले.

सॅट हे काम करत नाही. माझ्या सात चुकांमागे मराठी वाक्यरचना होती, हे त्या पडद्याला ठाऊक नव्हते. कॉमा श्वासासाठी देणारा आणि कॉमा सहज ठोकून देणारा, दोघांना तिथे सारखेच शून्य. आणखी एक गोष्ट. २००५ साली सॅटमध्ये निबंध आला, २०१६मध्ये तो ऐच्छिक झाला, आणि २०२१मध्ये काही राज्यांतील शालेय परीक्षेचा अपवाद सोडून बंद झाला. विरामचिन्हांचे बहुपर्यायी प्रश्न राहिले. आज या परीक्षेत विद्यार्थी स्वतःच्या वाक्यात एकही कॉमा देत नाही. दुसऱ्याने लिहिलेल्या वाक्यातली जागा तो भरतो.

तरीही मी तिला नुसती गाळणी म्हणणार नाही. माझे शिक्षण अर्धवट सुटले. ज्या घरात इंग्रजी वर्तमानपत्र येत नाही तिथल्या मुलाला 'कानाला बरे वाटते' हा सल्ला निरुपयोगी असतो, कारण तसा कान तयार व्हायला तसे घर लागते. सात नियम मात्र कोणालाही शिकता येतात. कर्ता शोधा, क्रियापद शोधा, दोन्ही बाजू स्वतःच्या पायावर उभ्या आहेत का पाहा. यात वंश, गाव, उच्चार काही आड येत नाही. शैलीची परीक्षा घेतली असती तर ती घरातल्या पुस्तकांच्या कपाटांची परीक्षा झाली असती. संगणक, शिकवणी आणि परीक्षेची फी यांची विषमता उरतेच. पण नियम उघड आणि मोजके असणे ही बाहेरच्या माणसासाठी लहान गोष्ट नाही.

आपली बाजू

मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांवर आपण अर्धशतकाहून अधिक काळ भांडत आहोत. १९६२चे चौदा आणि १९७२चे चार, असे हे अठरा नियम. अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ, सामान्यरूप, सगळे त्यांत आहे. विरामचिन्हांविषयी एकही नियम नाही. शाळेत आपण चिन्हांची नावे आणि आकार शिकतो, प्रश्नपत्रिकेत ओळखतो आणि मग आयुष्यभर श्वासावर चालतो. छापखान्यात, प्रकाशनसंस्थेत अंतिम शब्द ज्याच्या हातात तांबडी शाई त्याचा. पंचवीस वर्षे ती शाई माझ्या हातात होती. त्या म्हाताऱ्या बाईचा दुसरा मुलगा याच शाईतून जन्मला.

मराठीत इंग्रजीचे नियम आणावेत असे मला म्हणायचे नाही. 'तो आला, बसला, निघून गेला' यातले कॉमे आपले आहेत आणि ते तसेच राहोत. पण 'जो-तो'च्या रचनेत कॉमा कधी अर्थ बदलतो, 'की'च्या आधी तो कधी हवा, अवतरणानंतर 'असे' आले तर काय करायचे, याची साधी, मराठीच्या रचनेतून निघालेली दहा-बारा सूत्रे कोणी तरी लिहायला हवीत. जिथे निवड आहे तिथे 'इथे निवड आहे' असे त्यात स्पष्ट म्हणायला हवे. परीक्षेला ते म्हणता येत नाही, पुस्तिकेला येते.

भाचीची परीक्षा झाली. गुण चांगले आले. मग विद्यापीठाच्या अर्जासाठी तिने आपल्या आजीवर इंग्रजीत निबंध लिहिला आणि मला वाचायला दिला. एकही चिन्ह चुकलेले नव्हते. एका ठिकाणी आजी दळण दळताना काय काय बोलायची ते आले होते आणि ती सगळी बोलणी पूर्णविरामांनी तोडून लहान लहान वाक्यांत बसवली होती. मी विचारले, "आजी अशी थांबत थांबत बोलायची का?"

ती म्हणाली, "नाही. पण कॉमे दिले तर ते चूक होईल."

"परीक्षेत चूक होईल. परीक्षा झाली."

तिने बराच वेळ त्या परिच्छेदाकडे पाहिले. मग चार पूर्णविराम काढून तिथे कॉमे घातले, एक पूर्णविराम तसाच ठेवला, आणि तो का ठेवला ते मला समजावून सांगितले. तिचे कारण मला पटले.

त्यानंतर मी त्या जुन्या कथेच्या लेखिकेला पत्र लिहिले. पुढच्या आवृत्तीत ते दोन कॉमे परत घालावेत, अशी विनंती प्रकाशकांनाही केली आहे.